आधी चीक, मग पावडर

कोथरूडमध्ये राहून मुळशीकडे वराहपालन करायचं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो: पिल्लांच्या प्रतिकारशक्तीसाठी कोणती पावडर? थांबा. डुकरिणीच्या वारेतून प्रतिपिंडं पिल्लात उतरत नाहीत. ती मिळतात चिकातून, आणि साधारण 24 तासांत आतड्याची ही वाट बंद होते. म्हणून अशक्त पिल्लू जन्मताच पुढच्या सडाला लावा. तिथं दूध जास्त. दुसरी उणीव लोहाची. रोज सुमारे 7 मिलिग्रॅम लागतं, दुधातून जेमतेम 1 मिळतं. पांढुरकी कातडी, लागलेली धाप ही या उणिवेची खूण. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास 200 मिलिग्रॅमचं इंजेक्शन पशुवैद्यकाकडून घ्या. पावडरींचा नंबर त्यानंतर. आणि आफ्रिकन स्वाइन फिवरपुढे कुठलीच पावडर चालत नाही; तो रोग टाळायला हॉटेलातलं खरकटं न उकळता घालू नका.