‘बोलेल हळूहळू’ म्हणण्यापूर्वी



‘याचे वडीलही उशिराच बोलले,’ हे वाक्य दिग्रस परिसरात आम्ही वारंवार ऐकतो. त्या दिलाशामागे माया असते. परंतु मेंदूच्या जडणघडणीची मोलाची पहिली वर्षे वाट पाहण्यात निघून जातात.

चार महिन्यांनंतरही मान न सावरणे, वर्षाचे होऊनही हाकेला न वळणे, दीड वर्षापर्यंत न चालणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द न जोडणे, ही तपासणीची कारणे होत. न बोलणाऱ्या बालकाची श्रवणचाचणी प्रथम व्हावी. जे ऐकूच येत नाही ते उच्चारता कसे येईल?

२०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतून विनामूल्य तपासणी होते. उपचार मात्र एका भेटीत संपत नाहीत. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून आईने दर आठवड्याला यवतमाळ कसे गाठावे? म्हणून तज्ज्ञांनी शिकविलेले व्यायाम व संवाद घरीही चालले पाहिजेत. आंघोळीच्या वेळी अवयवांची नावे घ्यावीत, कणकेचा गोळा मुलाच्या हाती द्यावा, त्याने बोट दाखविताच शब्द पुरवावा आणि उत्तरासाठी क्षणभर थांबावे.

प्रत्येक मूल बोलेल, चालेल, असे वचन आम्ही देत नाही. मात्र खुणेने का होईना, ‘पाणी हवे’ हे त्याला सांगता यावे, यासाठी देणगीदारांनी प्रवासखर्चाचा व पालकांनी वेळेचा वाटा उचलावा, ही नम्र विनंती.