नंबर लागेपर्यंतचे दिवस

बीड जिल्ह्याला वाट पाहणं नवं नाही. मृग कोरडा गेला की आपण आभाळाकडे बघत राहतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि आजीजवळ किंवा वसतिगृहात राहिलेली मुलं उन्हाळ्यापर्यंत त्यांची वाट बघतात. आज मात्र वेगळ्या वाट पाहण्याबद्दल बोलायचं आहे. कॉलेजातली एखादी मुलगी धीर करून सांगते, "माझं मन कशातच लागत नाही." उत्तर मिळतं, "समुपदेशक पुढच्या आठवड्यात येतील." मधले दिवस तिनं काढायचे कसे?

मराठीत आपण 'मन लागत नाही' म्हणतो, आमच्या घरच्या दखनीत 'दिल नै लगता'. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, वाचलेलं डोक्यात शिरत नसेल, आपण कुचकामी आहोत असंच वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तो आजार आहे. आळस नव्हे, श्रद्धा कमी पडली असंही नव्हे. नमाजेनं, पूजेनं धीर येत असेल तर जरूर घ्यावा. दुवा आणि दवा यांचं भांडण नाही.

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा तत्सम तज्ज्ञ असावा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं. पण आदेश निघाला म्हणजे लगेच दार उघडतं, असं होत नाही. तोवर काय करावं?

पाऊस यायच्या आधी शेतकरी धसकटं वेचतो, कुळव घालतो. तसंच आहे हे. पहिलं काम, एका तरी माणसाला सांगणं. मित्र, बहीण, मावशी, सर, कुणीही चालेल. दुसरं, दिवस लहान लहान कामांत वाटून घेणं. 'आज धडा संपवीन' नको. 'एक पान वाचीन' पुरे. ठरल्या वेळी उठावं, सकाळच्या उन्हात थोडं चालावं, गावाहून एसटीनं आलेला डबा परत पाठवू नये. या आजारात इच्छा आधी येत नाही. आधी पाऊल उचलावं लागतं, इच्छा मागून येते. तिसरं, वहीत टिपून ठेवावं: त्रास कधीपासून आहे, झोप किती लागते, काय केल्यानं जरा बरं वाटतं. नंबर लागेल तेव्हा ही वही कामाला येते. पुढे डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. मनानंच बंद करू नयेत.

शिवाय वाट पाहताना दुसरी दारंही ठोठावता येतात. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारनं 'टेलि-मानस' सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

मरणाचे विचार येऊ लागले, तर मात्र नंबरची वाट पाहायची नाही. त्याच घडीला फोन करावा, जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं. घरच्यांनी त्या मुलाला एकटं सोडू नये. फवारणीची औषधं कुलपात ठेवून किल्ली आपल्याजवळ ठेवावी.

आणि मित्रांनी 'टेन्शन घेऊ नको' एवढं म्हणून मोकळं होऊ नये. न जेवता पांघरूण ओढून पडलेल्या दोस्ताजवळ थोडा वेळ गप्प बसा. त्याला सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं असा विचार मनात शिरत नाही, उलट कोंडलेलं बाहेर येतं. सकाळी त्याच्यासोबत निघा, आणि केसपेपरच्या रांगेत तुम्ही उभे राहा.