युक्तिवादाचा आलेख आणि अनुपस्थितांचे म्हणणे
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आपल्या बैठकांत वाद पुष्कळ होतो. परंतु कोणत्या आक्षेपाला उत्तर मिळाले आणि कोणता केवळ आवाज चढवून दडपला गेला, याची नोंद इतिवृत्तात सहसा सापडत नाही. ही नोंद ठेवण्याचे शास्त्र आज संगणकाच्या साहाय्याने बरेच पुढे गेले आहे. आपल्याला त्याचा उपयोग काय, एवढाच आजचा विषय आहे.

या विचाराची मुळे जुनी आहेत. १९१३ मध्ये अमेरिकन विधिज्ञ जॉन विगमोर यांनी खटल्यातील पुरावे व अनुमाने रेषांनी जोडून दाखविणारा तक्ता मांडला. १९७० मध्ये वेर्नर कुंझ आणि होर्स्ट रिटेल यांनी नियोजनातील वाद प्रश्न, भूमिका व युक्तिवाद अशा घटकांत नोंदविण्याची पद्धत सुचविली. नियोजनाला लागणारे ज्ञान कोणा एका तज्ज्ञापाशी नसून संबंधित सर्वांमध्ये विखुरलेले असते, ही रिटेल यांची धारणा होती. १९९५ मध्ये फान मिन्ह झुंग यांनी युक्तिवादांच्या परस्परसंघर्षाला गणिती रूप दिले. त्याचे सार असे : ज्या युक्तिवादावरील प्रत्येक आक्षेपाचे खंडन होते, तो ग्राह्य. हा हिशेब संगणक करू शकतो.

एक उदाहरण घेऊ. रेशनच्या धान्याऐवजी रोख रक्कम द्यावी, म्हणजे गळती थांबेल, हा पहिला युक्तिवाद. महागाईने त्या रकमेचे मोल घटेल, हा त्यावरील आक्षेप. रक्कम भाववाढीशी जोडता येईल, हे त्याचे उत्तर. येथवर पहिला युक्तिवाद टिकतो. परंतु दुर्गम पाड्यावरची बाई म्हणते, ‘बँक आणि बाजार दोन्ही लांब, पैसे काढण्यात आणि धान्य आणण्यात दिवसाची मजुरी बुडते.’ या आक्षेपाला उत्तर मिळेपर्यंत पहिला युक्तिवाद अग्राह्य ठरतो. आलेख समोर असला की हे अनुत्तरित म्हणणे कोणालाही झाकता येत नाही. हा या साधनाचा खरा लाभ होय.

परंतु ती बाई बैठकीला आलीच नसती तर? संगणकाने तोच हिशेब बिनचूक केला असता आणि रोख रकमेच्या बाजूने निर्णय दिला असता. नोंदलेल्या युक्तिवादांची संगती यंत्र तपासते. न नोंदलेल्यांची त्याला वार्ताही नसते. अर्थशास्त्रातील लाभ-व्ययाच्या कोष्टकांचाही हाच अनुभव आहे : जो खर्च कोष्टकात शिरत नाही, तो कोणी सोसलाच नाही असे गृहीत धरले जाते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रारंभाला संगणकही नको. फळा आणि खडू पुरे. ठरावापूर्वी आलेख काढावा, अनुत्तरित आक्षेप ठळक करावेत आणि तो आलेख ज्यांच्यावर निर्णयाचा भार पडणार त्यांच्या वस्तीत नेऊन वाचून दाखवावा. तिथे त्यात जी भर पडेल, तिला उत्तर दिल्यावाचून ठराव मताला टाकू नये.