ताऱ्यांची वारी आणि घड्याळाचा हिशोब
(विज्ञान दिनाला सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बीएस्सी होऊन बँकेत शिरलो आणि जन्मभर व्याज मोजलं. तरी आज ताऱ्यांवर बोलतोय, कारण माझी नात. एक सिनेमा पाहून तिने विचारलं, "आजोबा, यानातून गेलेला माणूस खरंच तरुण परत येतो?"

येतो. कोल्हापूरला जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने. पहिलं बक्षीस मिळालं, नाव न बघता! कृष्णविवराजवळ घड्याळं मंदावतात हे कथेपुरतं नाही, खरं आहे. प्रचंड वेगानेही मंदावतात.

पुरावा आपल्या गच्चीवर आहे. अवकाशातल्या किरणांमुळे दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचं आयुष्य इतकं कमी, की प्रकाशाच्या वेगाने धावले तरी सरासरी ६६० मीटरमध्ये संपावेत. पण ते आपण पापड वाळत घालतो तिथपर्यंत पोचतात, कारण त्यांचं घड्याळ आपल्या मानाने हळू चालतं.

सूर्य सोडून सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने जाऊन लगेच परतलात, तर इथे साडेआठ वर्षं होतील, तुमचे साडेचौदा महिने. म्हणजे जाताना एफडी ठेवा आणि सव्वा वर्षात साडेआठ वर्षांचं व्याज घ्या! (अशी स्कीम असती तर मी रिटायर झालोच नसतो.)

ग्यानबाची मेख पुढे आहे. एक किलो वजनाला तो वेग द्यायला सुमारे १५,२०० कोटी युनिट वीज लागेल. लिफ्टच्या बिलावरून आपल्या वार्षिक सभेत काय होतं ते आठवा! १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किलोमीटर जातं. त्या गतीने हे अंतर कापायला ७५ हजार वर्षं लागतील.

नात जरा गप्प झाली. मग म्हणाली, "साडेआठ वर्षांनी तुम्ही किती वर्षांचे?" मी ७४ चा. बेरीज तिनेच केली, साडेब्याऐंशी.

यंदा ती चार वर्षांसाठी परदेशी शिकायला जातेय. विमानातही घड्याळात फरक पडतो, पण तो सेकंदाच्या अब्जाव्या भागांत मोजतात. तेव्हा आम्हा दोघांची चार वर्षं सारखीच.