चवड्यावरचा भार



‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण पाहुण्यांना अभिमानाने ऐकवतो. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे. या पाळण्यातले पाय मात्र आपण फारसे पाहिलेले नाहीत. गुडघ्याला मान मिळाला, कंबरेला मिळाला, टाचेचाही एक्स-रे निघतो. ‘चवडा दुखतो’ म्हटले की मलम लिहून आपण डॉक्टर-वैद्य पुढच्या रुग्णाला हाक मारतो. म्हणून आज हा जमिनीलगतचा विषय घेतला आहे.

बोटांच्या मागे पाच लांब हाडे आहेत. त्यांची पुढची टोके जिथे जमिनीला भिडतात तो चवडा. चालताना टाच उचलली की काही क्षण शरीराचा जवळपास सगळा भार तिथे येतो. खालची चरबीची गादी वयाबरोबर पातळ होते, हाडे टोचू लागतात, वर भोवरी धरते. शास्त्र एवढेच. खरा प्रश्न हा, की आपल्या जिल्ह्यात हा भार कोण उचलते?

घनसावंगी-परतूरकडे कपाशीत खुरपणी चालते तेव्हा जरा बांधावर उभे राहून पाहा. पात धरलेल्या बायका उकिडव्या बसलेल्या असतात, टाचा वर, बोटे मागे मुडपलेली, आणि तशाच पुढे सरकत जातात. दिवसभर. चालताना क्षणभर येणारा भार इथे सुटतच नाही. हंगाम संपला की यांतल्याच कित्येकजणी ऊसतोडीला जातात, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात. चढणीवरचा प्रत्येक पाय पुन्हा चवड्यावरच. इकडे एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधला कामगार पुढून अरुंद, तळाला कडक झालेला बूट घालून पाळी काढतो. अंगारकीला राजूरच्या गणपतीला अनवाणी पायी जाणारे भाविक दुसऱ्या दिवशी आपल्या दवाखान्यात येतात, ते वेगळेच. यांना ‘आराम करा’ सांगणे सोपे आहे. त्या आरामाचे पैसे कोण देणार, ते आपण सांगत नाही.

आता नैसर्गिक उपचारांकडे येतो. हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. बिब्बा नैसर्गिकच आहे, पण भोवरीवर त्याचे तेल लावून कातडी भाजून घेतलेले पाय आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. रुईच्या चिकाचे तेच. ब्लेडने भोवरी तासणे तर उघड धोका. मीठ घातलेल्या कोमट पाण्यात पाय ठेवले की बरे वाटते, ठेवावेत. गुण उबेचा असतो, मिठाला श्रेय देण्याचे कारण नाही. काशाच्या वाटीने तूप चोळतात त्याला माझा विरोध नाही, तळव्याचे स्नायू खरोखर सैल होतात. फक्त काळे पडलेले तूप दाखवून ‘उष्णता बाहेर आली’ म्हणू नका. तो काळेपणा धातू आणि तुपाचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात पायांना तेल लावण्याचे गुण सांगितले आहेत, आणि त्याच अध्यायात पादत्राण घालण्याचेही. आपल्या लोकांनी तेल तेवढे उचलले, चप्पल विसरले.

माझ्या मते खरा नैसर्गिक उपचार एकच: दुखऱ्या जागेवरचा भार कमी करणे. पोटरी आखडली असली की टाच लवकर उचलली जाते आणि चवडा जास्त वेळ दबतो. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीवर, अर्धा मिनिट ताण. दिवसातून तीन-चार वेळा. फुकटचा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. चप्पल पुढून रुंद, मऊ तळाची, टाच बसकी. आणि आत गादी लावायची तर दुखते तिथे नाही, त्याच्या किंचित मागे, म्हणजे हाडांची टोके उचलली जातात. ही चूक विकतच्या गाद्यांतही सर्रास दिसते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांचा अभ्यास करून भार वाटून देणाऱ्या पादत्राणांवर भर दिला. तो धडा आज मधुमेहींनाही तितकाच लागू आहे. सूज आली असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे पुरे.

मात्र मधुमेह असेल तर आधी स्पर्शाची जाण तपासा, मगच शेकाचे बोला. बधिर पाय भाजला तरी कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या बोटात मुंग्या आणि खडा रुतल्यासारखे वाटणे म्हणजे नस सुजलेली असू शकते. पावलाच्या वरच्या बाजूला सूज आणि एकाच हाडावर बोट ठेवताच कळ, तर बारीक अस्थिभंगाची शंका घ्या. दोन्ही चवडे सकाळी आखडतात? संधिवाताची रक्ततपासणी करा. इथे तेलावर थांबणे म्हणजे रुग्णाचा वेळ खाणे होय.

शेवटी दोन विनंत्या. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या मंडळींना भेटून, उभ्याने चालवायची सायकल कोळपी आणि लांब दांड्याची खुरपी बायकांच्या हाती कशी पोचतील ते आपण विचारू; हे काम डॉक्टरांचे नाही असे कृपया कोणी म्हणू नये. आणि उद्या दवाखान्यात चवडा दुखतो म्हणून कोणी बाई आली, तर औषधाची चिठ्ठी फाडण्याआधी तिची चप्पल मागून घ्या, उलटी करून पाहा, झीज कुठे आहे ते तिलाही दाखवा.