वीज गेल्यानंतरचे दहा सेकंद



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांना बोलवावे असा रिवाज आहे. आम्ही शाळा अर्ध्यावर सोडलेले. जे काही शिकलो ते जालन्याच्या रोलिंग मिलांच्या दारांत आणि वायरमन मंडळींच्या शेजारी बसून. म्हणून आज एका पत्र्याच्या पेटीविषयी बोलतो. आमचे वायरमन तिला एएमएफ पॅनेल म्हणतात, मोठ्या दवाखान्यांत तिला एटीएस म्हणतात. लाईट गेली की जनरेटर सुरू करून भार त्याच्यावर न्यायचा आणि लाईट आली की परत आणायचा, हे तिचे काम.

ती हे करते कसे? पेटीतला रिले तिन्ही फेजांवर सतत डोळा ठेवून असतो. दाब ठरावीक मर्यादेखाली गेला तरी तो लगेच धावपळ करीत नाही. एकदोन सेकंद थांबतो, कारण नुसत्या लुकलुकीसाठी इंजिन फिरवण्यात अर्थ नाही. मग जनरेटरला निरोप जातो, बॅटरी इंजिन फिरवते, पन्नास सायकल आणि पुरता दाब मिळाला की आधी मुख्य विजेचा कॉन्टॅक्टर सुटतो आणि त्यानंतरच जनरेटरचा बसतो. अमेरिकेत रुग्णालयांच्या अत्यावश्यक भारासाठी या सगळ्याला दहा सेकंदांचा दंडक आहे. लाईट परत आली तरी पेटी काही मिनिटे वाट पाहते. आलेली लाईट टिकते की नाही याचा भरवसा आपल्याला नसतो तसा तिलाही नसतो! भार परत नेल्यावर इंजिन थोडा वेळ रिकामे फिरवून थंड करते.

आता हे दहा सेकंद कोणी भरून काढायचे? दवाखान्यात व्हेंटिलेटरची स्वतःची बॅटरी आणि यूपीएस. आमच्या जालन्याच्या इंडक्शन भट्टीत उंचावरची पाण्याची टाकी. भट्टीत सोळाशे अंशांच्या आसपास तापलेले लोखंड, भोवती तांब्याचे वेटोळे आणि त्या वेटोळ्याच्या आतून वाहणारे पाणी. लाईट गेली म्हणून लोखंड थंड होत नाही. पाणी थांबले तर आतले पाणी उकळते, वेटोळे फुटते, आणि पाणी रसाला भिडले तर स्फोट होतो. म्हणून पंप जनरेटरवर येईपर्यंत टाकीचे पाणी आपल्या वजनाने खाली येत राहिले पाहिजे. जनरेटर भट्टी चालवण्यासाठी नसतो, भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसांसाठी असतो. हे हिशेबाच्या वहीत ‘अनुत्पादक खर्च’ म्हणून पडते, ते पाहून आम्हांला नेहमी हसू येते.

परंतु आमच्या मते या पेटीचे खरे महत्त्व वेगळेच आहे. तिच्यात दोन कॉन्टॅक्टरांच्या मध्ये एक लोखंडी अडसर असतो. एक बसला की दुसरा बसूच शकत नाही. दोन विजा एकमेकींना कधी भेटू नयेत, यासाठी तो अडसर. भारनियमनाच्या वर्षांत गावोगावी जनरेटर आणि इन्व्हर्टर आले, आणि कितीतरी ठिकाणी चेंजओव्हर न बसवता जनरेटरची वायर सरळ घरच्या बोर्डात खोचली गेली. ती वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. डीपी अकरा हजारांचे चारशे व्होल्ट करते, तसेच उलट्या दिशेने चारशेचे अकरा हजारही करते. तिला दिशा कळत नाही. बहुतेक वेळा सगळ्या गल्लीचा भार अंगावर पडून जनरेटर बंद पडतो. पण तार पुढे तुटलेली असेल आणि मागे दोनचारच घरे असतील, तर तो बंद पडत नाही. आणि नेमका त्याच वेळी खांबावर माणूस चढलेला असतो.

आमच्या माहितीतल्या एका कंत्राटी वायरमनची दोन बोटे अशी गेली. सबस्टेशनवरून लाईन बंद केली होती. चौकशीत निष्कर्ष निघाला की त्याने डिस्चार्ज रॉड लावला नाही. रॉड लावायलाच हवा, आम्ही प्रत्येक सभेत तेच सांगतो. पण त्या चार जणांच्या टोळीला रॉड दिलेलाच नव्हता, आणि जनरेटर कोणाचा होता हे कोणी विचारले नाही.

शेवटी चाचणीविषयी. पेटी उत्तम असूनही ऐन वेळी जनरेटर सुरू होत नाही, याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे उतरलेली बॅटरी. आठवड्याला बटण दाबून इंजिनाचा आवाज ऐकणे ही चाचणी नव्हे. मुख्य स्विच खरोखर खाली करून भार खरोखर गेला का, किती सेकंदांत गेला, परत आला का, हे पाहावे लागते. व्यवस्थापक म्हणतो, काम थांबेल. कंत्राटी वायरमन म्हणतो, काही बिघडले तर माझ्या नावावर. त्यामुळे कोणीच हात लावत नाही. म्हणून आमची मागणी पगारवाढीच्या मागणीइतकीच साधी आहे: महिन्यातून एकदा भारासह चाचणी, ती व्यवस्थापनाच्या लेखी हुकमाने, पॅनेलला टांगलेली एक वही, आणि तिच्यात दोन सह्या, एक वायरमनची आणि एक व्यवस्थापकाची.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या दुकानात जनरेटर आहे, त्यांनी उद्या सकाळी त्याची वायर कुठे जाते ते पाहावे. मध्ये चेंजओव्हर नसेल, तर आमच्या युनियनच्या कचेरीत या. तपासून द्यायला माणूस देऊ, त्याचे पैसे घेणार नाही.