घरचा उद्योग आणि आईची माया
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



ज्या मुलामुलींना पुढे धंद्यात पडण्याची हौस आहे, त्यांनी घरच्या घरी काय करावे, ह्या विषयावर मी बोलावे असे मंडळाने ठरवले. ऐकून मला आधी हसूच आले. मी सातवी शिकलेली बाई. दुकान कधी टाकले नाही, गल्ल्यावर कधी बसले नाही. पण मग मनात आले, ह्या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडलेली आहे, आणि ठेच लागलेल्या माणसाला रस्त्याबद्दल दोन शब्द सांगता येतात. म्हणून उभी राहिले.

माझा मुलगा आठवीत असताना त्याने दिवाळीला आकाशकंदील करून विकायचे मनात घेतले. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, दोरा, झिरमिळ्या असे सारे सामान ७०० रुपयांचे झाले. खळ मी घरीच शिजवून दिली. पंधरा दिवस आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. एका कंदिलाला दोन तास लागत. असे त्याने २० कंदील केले आणि ८० रुपये भाव ठेवला.

पहिल्या चार दिवसांत १२ गेले. मग कोणी येईना. पोर जिन्यात बसून वाट पाही. मला ते बघवेना. मी शेजारच्या वहिनींच्या हातात गुपचूप ४८० रुपये दिले आणि म्हटले, "एवढे सहा कंदील तुमच्या नावाने घ्या, तुमच्या भावाकडे पाठवायचे आहेत असे सांगा." उरलेले दोन त्याने आपल्या मंडळाला दिले. त्याने हिशेब केला: १८ कंदिलांचे १,४४० आले, ७०० गेले, नफा ७४०. त्याचा आनंद पाहून मला माझे ४८० रुपये कारणी लागले असे वाटले.

पण मैत्रिणींनो, खरा नफा होता २६० रुपयांचा. बाकीचे माझेच पैसे फिरून माझ्याच घरात आले होते.

पुढल्या वर्षी तो नववीत. त्याने विचार केला, १८ सहज खपले, तर आता ६० करू. त्याचा विचार चुकीचा नव्हता, त्याला मी दिलेला आकडा खोटा होता. सामान महागले होते, कंदिलामागे ४० रुपये पडले. स्वतःचे ७४० घातले आणि ह्यांच्याकडून १,६६० उसने घेतले. मी पाहत होते, पण बोलायचे कोणत्या तोंडाने? भाव ९० ठेवला. विकले गेले २१. आले १,८९०. त्यातून वडिलांचे पैसे त्याने आधी फेडले, आणि हातात उरले २३०. घरात ३९ कंदील पडून.

वसुबारसेच्या संध्याकाळी तो शेजारच्या वहिनींकडे गेला आणि म्हणाला, "काकू, मागच्या वर्षी तुम्ही सहा घेतलेत, ह्या वर्षी एक तरी घ्या." त्या सरळ बाई. त्यांना खोटे रेटता येईना. त्यांनी माळ्यावरून गेल्या वर्षीचे सहाच्या सहा कंदील तसेच बांधलेले खाली काढले.

तो घरी आला, रागावला नाही, जेवलाही नाही. रात्री म्हणाला, "आई, पैशांचे काही नाही. पण माझा कंदील लोकांना आवडला की नाही, हेच मला कळू दिले नाहीस."

मी त्याला काय उत्तर देणार? मुलगा पडला तर गुडघा फुटतो, पण चालायला शिकतो, हे आपल्याला ठाऊक असते. धंद्यातही तसेच, हे मात्र मला ठाऊक नव्हते. पहिल्या वर्षी आठ कंदील उरले असते तर फार तर एक संध्याकाळ तो खट्टू झाला असता. ते मी चुकवायला गेले, आणि ५१० रुपयांचे नुकसान त्याच्या पदरात घातले.

त्यानंतर मी थोडे वाचू लागले. लिज्जत पापडाची हकीकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केले, पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. एवढे आपण कौतुकाने सांगतो. पण मला त्यातल्या दुसऱ्या गोष्टी अधिक मोलाच्या वाटल्या. नुकसान झाले तरी कोणाकडे देणगी मागायची नाही, असे त्यांनी आरंभीच ठरवले होते. मालाचा दर्जा कधी उतरवायचा नाही आणि हिशेब चोख ठेवायचा, हे त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी त्यांना बजावले होते. सुरुवातीला लहान मुलीही त्यात येत, पुढे १८ वर्षांची अट घातली गेली. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्या बायकांना कोणी खोटे गिऱ्हाईक होऊन भेटले असते, तर पापडात काय कमी आहे हे त्यांना कधी कळले असते?

आता मुलांनी करावे काय? कामे पुष्कळ आहेत, आणि ती आपल्या घरातच आहेत. झेंडूची, तुळशीची रोपे पिशवीत लावून विकता येतात. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवता येतात. वर्ष संपल्यावर वह्यांतली कोरी पाने काढून, शिवून, नव्या वह्या बांधता येतात. फुलवाती, वस्त्रमाळा करता येतात. धाकट्या मुलांचे पाढे, शुद्धलेखन घेता येते. आमच्या आळीतली एक मुलगी म्हाताऱ्या माणसांना फोनवरून वीजबिल भरायला शिकवते. गुप्त आकडा मात्र कोणाला सांगू नका, मलाही नको, हा तिचा पहिला धडा. खाण्याचे पदार्थ विकायचे असतील तर घरी केलेल्या पदार्थांनाही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ती घरातल्या मोठ्या माणसाने करावी. अठरा वर्षांखालच्या मुलाला करारमदार करता येत नाही, म्हणून सहीची जबाबदारी आपली. आणि अनोळखी माणसाच्या घरी माल पोचवायला मुलांना एकटे पाठवू नये.

पण काम कोणते हा प्रश्न दुय्यम. वही कशी ठेवायची, हा मुख्य. आमच्या घरी आता असा नियम आहे. भांडवल दिले तर ते उसने, तारखेसह वहीत लिहायचे आणि फेडायचे. सामानाचा खर्च एका बाजूला, विक्री दुसऱ्या बाजूला. कामाचे तासही लिहायचे, म्हणजे आपल्या कष्टाला ताशी काय पडले ते दिसते. पहिल्या वर्षीचा खरा नफा २६० आणि कष्ट ४० तासांचे, म्हणजे तासाला साडेसहा रुपये! आणि शेवटचे पान त्या लोकांचे, ज्यांनी माल घेतला नाही. का घेतला नाही, ते त्यांना जाऊन विचारायचे आणि त्यांच्याच शब्दांत लिहायचे.

दहावीच्या वर्षी त्याची वही बंद होती. अकरावीत गेल्यावर त्याने आधी तेच शेवटचे पान भरले. कोणी म्हणाले कंदील फार मोठा आहे, आमच्या खिडकीत मावत नाही. कोणी म्हणाले परतीचा पाऊस आला की कागद फाटतो. एक आजी म्हणाल्या, "बाळ, तू दिवाळीच्या तोंडावर येतोस, तोवर आमची खरेदी झालेली असते." एकानेही कंदील वाईट म्हटला नाही. मग त्याने माळ्यावरच्या ३९ कंदिलांचा फाटका कागद काढला, कामट्या कापून आकार लहान केला. नवरात्रातच नमुना घेऊन घरोघर गेला आणि कंदिलामागे २० रुपये विसार घेतला. विसार आला २५ जणांचा, ५०० रुपये. जुने २३० होतेच. कोणाकडे उसने मागावे लागले नाही. ३० कंदिलांना नवा कागद ४५० रुपयांचा लागला. १०० रुपये भावाने २८ गेले. नफा २,३५० झाला, पण त्याने खाली स्वतःच ओळ लिहिली: "जुन्या कामट्यांचे ४५० धरले तर १,९००." ती ओळ वाचून मला जे वाटले, ते ७४० च्या वेळी वाटले नव्हते.

उरलेले दोन कंदील? ते उरले. मी विकत घेतले नाहीत.

जाता जाता आणखी एक सांगते, कारण तेही माझ्यावरच शेकलेले आहे. हे सारे कौतुक चालू असताना माझी धाकटी म्हणाली, "दादाच्या तासांची वही आहे. मी उन्हाळाभर तुझे पापड लाटते, ते कुठे लिहायचे?" मी ते पापड ओळखीच्यांना विकते, हे तुम्हांला ठाऊक आहे. मुलाने केले की उद्योग आणि मुलीने केले की मदत, असे मी नकळत धरून चालले होते. ह्या उन्हाळ्यापासून तिचीही वही घातली आहे. पहिल्याच आठवड्यात तिने मला दाखवून दिले की मी गॅस आणि उडदाच्या डाळीची भाववाढ धरतच नव्हते.

तेव्हा मैत्रिणींनो, आपली मुले काही करून विकायला आली, तर हवे असेल तरच घ्या आणि पुरते पैसे द्या. नको असेल तर का नको ते गोड शब्दांत, पण खरे सांगा. नुसत्या भिडेने घेऊ नका. शेजारच्या वहिनी आज इथे बसल्या आहेत. त्या संध्याकाळी माळ्यावरून ते गाठोडे त्यांनी खाली काढले, त्याबद्दल सर्वांसमक्ष त्यांचे आभार मानते आणि आपली रजा घेते.